रिकामा कंस

११ जानेवारी

मामी, नमस्कार. मामांनाही सांगा.

आईला भेटायला आला होतात तेव्हा जाताना तुम्ही माझ्या हातात जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेच्या सरावाचे कागद ठेवलेत. त्याला बरेच दिवस झाले. पत्राला उशीर झाला, कारण पहिली तीनचार पत्रं लिहून फाडली. मामा मला लहानपणी ‘खोडरबर’ म्हणायचे. अजून फारसा फरक नाही.

माझं काम तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून आधी ते सांगतो. आजारी माणसांना घरी वापरायला चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर, पलंग असं सामान देणारं हे केंद्र आहे. पुढे काउंटर, मागे धुण्याची जागा आणि बाहेर पडायच्या दारापासून खाली माझ्या नळापर्यंत सिमेंटचा उतार. परत आलेली खुर्ची मी धुतो, चाकांना तेल घालतो, पट्टा आणि ब्रेक तपासतो. कुठली खुर्ची तयार आहे हे फक्त मला माहीत असतं, त्यामुळे काउंटरवरच्या बाई दिवसभर आतून हाका मारतात. व्यवस्थापकांना संगणकावर असं एक पान हवं आहे, की तयार खुर्ची त्यावर हिरवी दिसेल. ते कुणाकडून करून घ्यावं असा विचार चालला होता, आणि मी बोलून गेलो, “मी शिकतो.” बोललो तेव्हा माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

जमलं तर मला तपासणीच्या टेबलावर घेणार आहेत. पण खरी धास्ती टेबलाची नाही. शाळा मी नववीत सोडली ती नापास होऊन नाही, तपासलेले पेपर हातात यायच्या आधीच. लाल शाई मला बघवत नाही. आई म्हणते, “या खेपेला अर्ध्यावर टाकलंस तरी मी काही बोलणार नाही.” ती बोलणार नाही, हेच जास्त लागतं. मामी, मला हे एक काम शेवटापर्यंत न्यायचं आहे.

पहिला सराव: एक ते दहा आकडे छापा. जेवणाच्या सुट्टीत काउंटरच्या संगणकावर केला. प्रत्येक फेरीला आकडा एकाने वाढवायचा, ती ओळच लिहायची राहिली. मशीन एकवर अडकलं आणि बाईंची पावतीही अडकली. त्या म्हणाल्या, “तुझ्या एकाचे दोन होईपर्यंत हे गिऱ्हाईक बरं होऊन चालायला लागेल.”

तुमच्या उत्तराची वाट बघतो.

तुमचा भाचा

०

२३ जानेवारी

खोडरबरा,

पत्र पोचलं. आकडा न वाढवता दहाची वाट बघत बसलास, हे तुझ्या आजोळाला शोभतं. तुझे मामा बागेचं करकरणारं दार ‘उद्या दुरुस्त करतो’ म्हणतात, त्यांचाही उद्या पुढे सरकत नाही.

शिकवीन, पण माझे दोन नियम. प्रोग्राम चालवायच्या आधी तो काय उत्तर देईल ते कागदावर लिहायचं, मग चालवायचा. आपण लिहिलेलं आणि मशीनने दिलेलं यात फरक पडला तर तोच त्या दिवसाचा धडा. आणि चुकलेलंही पाठवायचं. बँकेच्या संगणक विभागात मी नोकरी केली, तिथे बरोबर चाललेल्या प्रोग्रामकडे कुणी ढुंकून बघत नसे. शिकले ते सगळं बिघडलेल्यातून.

फोन कर म्हणत नाही. फोनवर तुझं ततपप होतं आणि मला कंस दिसत नाहीत. कागदच बरा. संगणक मी हल्ली उघडत नाही, निवृत्त माणसाने डोळ्यांनाही निवृत्ती द्यावी. एक कर, अक्षर मोठं काढ आणि ओळींमध्ये अंतर ठेव. मला पेन्सिलीने खुणा करायला जागा लागते.

मशीनने चूक दाखवणारी लाल ओळ काढली तर घाबरू नकोस. ती तुला मार्क देत नाही, कुठे अडलं ते सांगते.

मामी

०

८ फेब्रुवारी

मामी, नमस्कार.

अक्षर मोठं केलं आहे. आधीच्या बारीक अक्षराबद्दल माफ करा. तुम्ही परत पाठवलेल्या कागदावर पेन्सिलीच्या खुणा ओळीच्या वरखाली गेल्या होत्या, एक तर भलत्याच शब्दावर होती. माझं अक्षर लावताना तुम्ही किती वैतागला असाल ते त्यावरून कळलं.

तुमचा नियम पाळतो आहे. पाच आणि तीन यांची बेरीज करायची होती. कागदावर आठ लिहिले. मशीनने त्रेपन्न दिले. पाच मी अवतरणचिन्हांत लिहिला होता, म्हणून मशीनने त्याला आकडा न मानता अक्षर मानलं आणि शेजारी तीन चिकटवला. बाई म्हणाल्या, “आमच्या वाण्याकडे नोकरी मिळेल याला.”

दुसरं सांगायला लाज वाटते. खुर्ची ओली आहे का, असं विचारायचं होतं. तिथे बरोबरचं चिन्ह दोनदा हवं, मी एकदाच दिलं. मशीनला तो प्रश्न वाटलाच नाही, हुकूम वाटला. त्याने यादीतल्या सगळ्या खुर्च्या ओल्या करून टाकल्या. एवढ्या तर मी नळाखालीही कधी केल्या नव्हत्या.

चुकलेले कागद पाठवणार होतो, पण फार खाडाखोड होती. तुम्हाला त्रास नको म्हणून स्वच्छ प्रत करून पाठवतो.

संध्याकाळी घरी आलो की आई विचारते, “आज मशीन काय म्हणालं?” पूर्वी ती काही विचारत नसे. हे तुमच्यामुळे.

तुमचा भाचा

०

२० फेब्रुवारी

खोडरबरा,

हे अक्षर तुझ्या मामांचं आहे. मी सांगते आणि ते लिहितात. माझ्या हाताला तेवढीच विश्रांती. (मामांची भर: माझ्या हाताला काय हवं ते कुणी विचारलेलं नाही.)

तुझ्या कागदावर एकही खोड नाही, आणि ते मला आवडलेलं नाही. (अक्षर मात्र मोत्यासारखं आहे. मामा.)

आता खुर्चीकडे वळू. खुर्ची हा एक डबा समज. आत लहान डबे, चाकं, पट्टा, ब्रेक. ब्रेकच्या डब्यात आणखी दोन, डावा आणि उजवा. डाव्या ब्रेकची स्थिती हवी असेल तर मशीनला सांगायचं, खुर्ची उघड, त्यातला ब्रेक उघड, त्यातला डावा दाखव. पण ब्रेकचा डबाच तू भरायला विसरला असशील, तर नसलेल्या डब्याचं झाकण मशीन कसं उघडणार? तिथे ते लाल होऊन ओरडतं. ओरडू दे. ओरडणारं मशीन हे शहाणं मशीन. (हे वाक्य घरातल्या माणसांनाही लागू आहे असं हिचं म्हणणं आहे. मामा.)

पुढच्या वेळी घाण कागद पाठव.

मामी

०

१२ मार्च

मामी, नमस्कार. मामा, तुम्हालाही. तुमच्या कंसातल्या ओळी आईला दोनदा वाचून दाखवल्या. ती म्हणाली, “दादा सुधारायचा नाही.”

मामी, पान झालं. डब्यांचं तुम्ही सांगितलंत आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आता प्रत्येक खुर्चीच्या नावापुढे तिची स्थिती येते. तयार असेल तर हिरवी, काही राहिलं असेल तर पिवळी. सुरुवातीला लाल ओळींनी जीव नकोसा केला होता. कधी पट्टा भरायचा राहिला, कधी चाक. व्यवस्थापक पाठीमागून गेले की मी पडदा झाकायचो. मग सरावाच्या एका पानावर ट्राय-कॅच सापडलं, म्हणजे चूक मध्येच पकडायची सोय, आणि आता लाल ओळ एकही येत नाही. दिवसभरात एकही नाही. कसं केलं ते सोबतच्या प्रोग्राममध्ये आहे. सगळा प्रोग्राम मोठ्या अक्षरात, एक ओळ सोडून लिहिला आहे.

पुढच्या महिन्यापासून बाई या पानावरूनच खुर्च्या देणार आहेत. म्हणून एक विनंती. नीट बघा. तुमचा होकार आल्याशिवाय मी हे चालू करणार नाही.

व्यवस्थापकांनी आज टेबलाजवळची खुर्ची दाखवून सांगितलं, “ही तुझी.” मी तिचाही ब्रेक शोधला. साधी लाकडी खुर्ची होती.

तुमचा भाचा

०

२२ मार्च

खोडरबरा,

सगळा प्रोग्राम ओळीओळीने पाहिला. दोन दुपारी लागल्या. यादीची मोजणी शून्यापासून होते हे तू विसरलास, त्यामुळे तुझी पहिली खुर्ची पानावर येतच नाही. तेवढं दुरुस्त कर. ट्राय-कॅच वापरलंस ते चांगलं केलंस, मी शिकवायच्या आधीच शोधलंस. बाकी मला काही वावगं दिसलं नाही. चालू कर.

आणि त्या लाकडी खुर्चीवर जरा टेकून बस. ती कुठे पळत नाही.

मामी
(अक्षर मामांचं. त्यांची भर: माझी मान अवघडली.)

०

६ एप्रिल

मामी, नमस्कार.

पान बंद केलं आहे. मी परत धुण्याच्या जागेवर आहे. ते मीच मागून घेतलं. सराव आता थांबवतो. तुम्ही दोघांनी माझ्यासाठी खूप केलंत, ते विसरणार नाही.

तुमचा भाचा

०

१९ एप्रिल

चि. खोडरबर,

हे पत्र मी माझ्या मनाने लिहितो आहे. तुझ्या मामीने सांगितलेलं नाही. ती आत बसून चहा गार करते आहे.

तुझं चार ओळींचं पत्र तिने माझ्याकडून परत परत वाचून घेतलं. शेवटी मी म्हणालो, अगं, यात आणखी काही नाही, मी उलटं धरून वाचू का? ती म्हणाली, “यात काहीतरी नाहीये, तेच ऐकते आहे.”

मी जन्मभर शिलाई मशीनं दुरुस्त केली. माणूस मशीन घेऊन यायचा आणि सांगायचा, बंद पडलं. मी विचारायचो, बंद पडायच्या आधी शेवटचा आवाज कसला आला? ते सांगितलं की निम्मं काम व्हायचं. ‘बंद पडलं’ एवढंच सांगणारा माणूस मशीन परत घेऊन जायचा.

तू आम्हाला ‘बंद केलं’ एवढंच कळवलं आहेस. शेवटचा आवाज कळव. मला त्या कंसांतलं ओ की ठो कळत नाही, तुझ्या मामीला कळतं. रागावणार कुणी नाही. रागवायचंच झालं तर इथे मी आहे, ती तुझ्यापर्यंत पोचायची नाही.

मामा

०

२८ एप्रिल

मामा, मामी, नमस्कार.

शेवटचा आवाज ब्रेकचा होता. लागल्याचा नाही, न लागल्याचा. कट् असा यायला हवा होता तो आलाच नाही.

घडलं ते असं. एका खुर्चीच्या ब्रेकची तार तुटली होती. मी ब्रेक काढून बाजूला ठेवला आणि नवी तार येईपर्यंत खुर्ची धुऊन, पुसून भिंतीला लावली. संगणकात तिची चाकं भरली, पट्टा भरला. ब्रेकच नव्हता म्हणून त्याचा रकाना मोकळा सोडला. मला वाटलं, मोकळा दिसला की मशीन आपोआप पिवळं करेल. पानाने ती खुर्ची हिरवी दाखवली.

एक मुलगी आपल्या वडिलांना घेऊन आली होती. बाईंनी पान बघितलं, हिरवी खुर्ची मागवली, पावती दिली. तेव्हा मी नळावर होतो. दाराशी मुलीने ब्रेकचा दांडा ओढला आणि गाडीचं दार उघडायला वळली. दांडा होता, खाली काही नव्हतं. खुर्ची वडिलांना घेऊन उतारावरून निघाली. मी खालून पाहिलं आणि नळ टाकून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, दुसरं काही सुचलं नाही. पायपट्टी माझ्या नडगीवर आपटली आणि खुर्ची थांबली. आजोबांना काही झालं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “पोरा, पळते छान. थांबवायची कशी तेवढं सांग.” मुलगी रडत होती. मग जाऊन मी वाहता नळ बंद केला.

व्यवस्थापक रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “ते पान बंद.” बाईंनी माझ्या नडगीवर बर्फ लावला. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन प्रोग्राम कागदावर लिहिला आणि ओळीओळीला थांबून, आता काय होईल ते लिहीत गेलो. तेव्हा सापडलं. सुरुवातीलाच मी प्रत्येक खुर्चीला ‘तयार’ लिहिलं होतं, आणि पुढे काही कमी दिसलं तर ‘थांबा’ करायचं ठेवलं होतं. त्या खुर्चीला ब्रेकचा डबाच नाही. मशीन डावा ब्रेक बघायला गेलं, अडलं आणि ओरडलं. पण कॅचपुढचा महिरपी कंस मी रिकामा ठेवला होता. चूक पकडायची आणि तिचं काहीच करायचं नाही, असा त्याचा अर्थ. ओरडणं त्या कंसात गेलं आणि तिथेच संपलं. ‘तयार’ हा शब्द जागचा हलला नाही. माझ्या लाल ओळी बऱ्या झाल्या नव्हत्या, मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला होता.

आता पुढचं वाक्य लिहू की नको असा विचार करत मी दोन दिवस पत्र अडवून ठेवलं. पण चुकलेलंही पाठवायचं, हा तुमचाच नियम. मामी, तो कंस तुम्ही पाहिला होता आणि काही म्हणाला नाहीत. म्हणून मला वाटलं, रिकामा चालतो. दोष तुमच्यावर ढकलत नाही. मला फक्त समजून घ्यायचं आहे. तुमच्या नजरेतून सुटलं असं मला खरंच वाटत नाही.

खाडाखोड झालेले सगळे कागद सोबत आहेत, जानेवारीपासूनचे. फेकलेले नव्हते. गादीखाली होते.

तुमचा भाचा

०

७ मे

बाळा,

तुझी नडगी कशी आहे, ते आधी कळव.

माझ्या नजरेतून सुटणार नाही असं तू म्हणतोस, पण नजर राहिली कुठे? माझ्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडला आहे. गेल्या वर्षीपासून आहे, आता मोठा झाला आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. तुझ्या पत्राचा समास मला उत्तम दिसतो, मजकूर तेवढा दिसत नाही. मोठं अक्षर मागितलं ते त्यासाठी. पेन्सिल भरकटली ती तुझ्या अक्षरामुळे नव्हे. फेब्रुवारीपासून तेही जमेना, तेव्हापासून तुझे मामा वाचतात आणि मी ऐकते.

तू एकदा ते ऐकायला हवं होतंस. “फॉर, कंस उघडा, लेट आय बरोबर एक, टिंबाखाली शेपूट…” त्यांना अर्धविराम हा शब्द आठवत नाही. शेजारीण एकदा विचारायला आली, मामांना बरं नाही का? (तिने डॉक्टरांचा पत्ताही देऊ केला. मामा.)

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी मार्चमधला प्रोग्राम परत वाचायला सांगितला. कॅच म्हणाले आणि लगेच पुढची ओळ, पानावर दाखव. मी विचारलं, मध्ये काय आहे? “काही नाही.” काही नाही म्हणजे? “कंस आहे, पण रिकामा आहे. आत काही नाही तर वाचू काय?” मार्चमध्येही त्यांनी तो असाच ओलांडला होता. मला ऐकू आलं ते असं, की चूक पकडतोस आणि ती पानावर दाखवतोस. मनात म्हटलं, पोरगं माझ्याही पुढे गेलं. आणि तुला ‘पाहिलं’ असं कळवलं. पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. तो एक शब्द मी खरा लिहिला असता, तर तू दुसऱ्या कुणाला दाखवला असतास.

का लिहिला नाही? तुझं पत्र यायचं तेव्हा मी पुन्हा कामावर असल्यासारखी व्हायचे. आंधळ्या बाईकडून कोण प्रोग्राम तपासून घेईल असं वाटलं. तू लाल ओळी गादीखाली ठेवल्यास, मी ‘सगळं छान’च्या खाली.

(दोष माझाही आहे. पण रिकाम्या जागेला आवाज असतो हे मला सत्तरीत कळलं. मामा.)

तुझ्या खाडाखोडीचे कागद मामांनी सगळे वाचून दाखवले. आठवडा गेला. मोत्यासारख्या अक्षरातल्या त्या सगळ्या कागदांत मी तुला कधी ऐकलं नव्हतं, यांत ऐकलं. तुझ्या चुका चांगल्या आहेत रे. विचार करणाऱ्या माणसाच्या आहेत.

आता पान पुन्हा लिही. सुरुवात ‘तयार’पासून करू नकोस. आपल्याला माहीत नाही, तिथपासून सुरू कर. कॅच काढून टाक. लाल होऊ दे, आणि वाच.

मामी

०

३ जून

मामी, मामा, नमस्कार.

नडगी बरी आहे. निळी होती, आता पिवळी आहे. बाई म्हणतात, हिरवी झाली की तयार.

हे पत्र मामांना वाचायचं आहे हे लक्षात ठेवून लिहितो आहे. मामा, पत्रात जिथे रिकामा कंस येईल तिथे मी ‘रिकामा कंस’ असं अक्षरांत लिहीन. ओलांडू नका.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी ते आईला वाचून दाखवताना मी मध्येच थांबलो. माझ्या कंसांसाठी एक माणूस मान अवघडेपर्यंत वाचत होता आणि एक माणूस डोळे मिटून ते डोक्यात जुळवत होता, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटत होतं तुम्ही नुसती नजर टाकत असाल. दोन दुपारी म्हणजे काय, ते आता कळलं. मामी, तुम्ही लपवलंत म्हणून मला राग यायला हवा, असं बाई म्हणाल्या. मी शोधून पाहिला. नाही आला.

पान पुन्हा लिहिलं. सगळ्या खुर्च्या आता ‘तपासायची आहे’ इथून सुरू होतात. चाकं, पट्टा, ब्रेक सगळं भरलेलं आणि बरोबर असेल तरच ‘तयार’. कॅच काढला. पहिल्यांदा चालवलं तेव्हा मी कागदावर लिहिलं होतं, ‘खूप लाल येईल’. आलं. व्यवस्थापक मागेच उभे होते. माझा हात पडदा झाकायला उठला, मी तो मांडीखाली दाबून धरला. ते म्हणाले, “हे एवढं लाल काय आहे?” मी म्हणालो, “साहेब, यातली एकेक ओळ म्हणजे एकेक खुर्ची, जिच्याबद्दल आपल्याला पुरतं माहीत नाही.” मग त्यांनी स्वतः लाकडी खुर्ची ओढली आणि म्हणाले, “वाच, पहिली कुठली?” आम्ही दोघांनी मागे जाऊन एकेक खुर्ची बघितली. दोन कुबड्यांची रबरी टोपणंही झिजलेली निघाली, ती तर यादीतही नव्हती.

पान आता चालू आहे. नियम एक वाढवला आहे. पान हिरवं असलं तरी दाराबाहेर जायच्या आधी बाई ब्रेक हाताने ओढतात आणि कट् आवाज ऐकतात. त्यांना तो आवाज इतका आवडायला लागला आहे, की गिऱ्हाईक नसतानाही ओढून बघतात. ते आजोबा परवा आले होते. त्यांनी तीच खुर्ची मागितली, आता ब्रेक लावलेली. म्हणाले, “तिची आणि माझी ओळख झालेली आहे.” त्यांना मी स्वतः उतारावरून नेलं.

मी तपासणीच्या टेबलावर आहे. मामी, ते काम तुम्ही मला दिलंत. व्यवस्थापकांनी खुर्ची दिली, पण तिच्यावर बसायला तुम्ही शिकवलंत. शाळेत मला कुणी सांगितलं असतं, की लाल ओळ मार्क देत नाही, कुठे अडलं ते सांगते, तर मी पेपर घ्यायला थांबलो असतो. तेव्हा नाही सांगितलं, तुम्ही आता सांगितलंत. उशीर झाला असं मला वाटत नाही.

केंद्रात दिव्याचं एक उभं भिंग पडून होतं. स्टँडचा स्क्रू ढिला होता म्हणून कुणी नेत नव्हतं. मी तो बसवला आणि भिंग व्यवस्थापकांकडे मागितलं. ते म्हणाले, “ज्यांनी ते पान तपासलं त्यांच्यासाठी ना? ने.”

रविवारी घेऊन येतो. तुमच्या नियमाप्रमाणे उत्तर आधीच लिहून ठेवतो, मग चालवून बघू. बागेचं दार करकरेल. मामी म्हणतील, याची काही गरज नव्हती. मामा आल्या आल्या स्क्रू सोडवून बघतील. आणि भिंगाखाली धरल्यावर ही शेवटची ओळ मामींना स्वतःला वाचता येईल.

तुमचा भाचा

०

१६ जून

खोडरबरा

तुझा पेपर तपासला.

दार करकरेल. चूक. तू येणार म्हणून त्यांनी शनिवारी तेल घातलं. उद्या उजाडला एकदाचा.

मी म्हणेन गरज नव्हती. चूक. मी काही बोलले का? दिव्याचं बटण शोधत होते.

मामा स्क्रू सोडवतील. बरोबर. अजून बसवलेला नाही. दिवा पुस्तकांना टेकवून ठेवला आहे.

शेवटची ओळ मी वाचेन. एका वेळी दोनच अक्षरं दिसतात. तू गेल्यावर सुरू केली, दिवेलागणीपर्यंत वाचली. बरोबर.

हे मी माझ्या हाताने लिहिते आहे. ओळी वाकड्या गेल्या असतील. खोडू नकोस.

मामी